पायातला पट्टा हा निर्णय नव्हे

१७ नोव्हेंबर २०२५ रोजी शिकागोच्या ब्लू लाइन या शहरी रेल्वेमार्गावर, चालत्या गाडीत, एका तरुणीवर पेट्रोल टाकून तिला पेटवून दिल्याची घटना घडली. ज्याच्यावर आरोप आहे तो माणूस त्या वेळी दुसऱ्या एका खटल्यात जामिनावर होता आणि शिकागो ज्या कुक काउंटीत येतं तिने त्याला इलेक्ट्रॉनिक देखरेखीखाली, म्हणजे घोट्याला ठावठिकाणा सांगणारा पट्टा बांधून, ठेवलं होतं. त्यानंतर जो वाद सुरू झाला, तो अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या घरोघरीही पोहोचला. एका बाजूचं म्हणणं, शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयने रोख जामीन, म्हणजे पैसे भरून सुटण्याची पद्धत, रद्द केला त्याचं हे फळ. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, एका घटनेवरून कायदा मोडीत काढू नका. त्याआधी ऑगस्टमध्येच राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी रोख जामीन रद्द करणाऱ्या राज्यांचा आणि काउंट्यांचा केंद्रीय निधी रोखण्याच्या दिशेने आदेश काढला होता, त्यामुळे बाजू आधीच ठरलेल्या होत्या. पण या गदारोळात मुळातली गोष्ट बाजूला पडली. सरकारी वकिलांनी या माणसाला आत ठेवा अशी मागणी न्यायालयात केली होती. ती अमान्य झाली आणि त्याला पट्टा लावून सोडण्यात आलं. पैसे घ्यायचे की नाही, हा प्रश्न तिथे नव्हताच. प्रश्न होता माणूस सोडायचा की नाही, आणि त्याचं उत्तर म्हणून न्यायालयाने एक यंत्र पुढे केलं.

माझं म्हणणं मी सुरुवातीलाच मांडतो. खटला चालू होण्याआधी माणसाला आत ठेवायचं की बाहेर, हा निर्णय न्यायाधीशाने उघडपणे, पुरावा ऐकून, कारणं लिहून घ्यायला हवा. रोख जामीन हा निर्णय टाळण्याचा जुना मार्ग होता. घोट्याला बांधलेला पट्टा हा नवा मार्ग होऊ पाहतोय. ज्यांना आत ठेवायला हवं त्यांना त्याने अडवता येत नाही, आणि ज्यांना नुसतं सोडायला हवं होतं त्यांच्यावर विनाकारण पहारा बसतो.

आधी ही व्यवस्था चालते कशी ते पाहू, कारण भारतातून पाहणाऱ्याला तिची कल्पना सहसा नसते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण तिथला तुरुंग, शेरीफ (काउंटीच्या पोलिसांचा प्रमुख), सरकारी वकील आणि बहुतेक ठिकाणी न्यायाधीशसुद्धा मतदारांनी निवडलेले. शिक्षा झालेले मोठे कैदी राज्याच्या तुरुंगात जातात. काउंटीच्या जेलमध्ये असतात ते मुख्यतः कच्चे कैदी. अमेरिकेतल्या स्थानिक जेलांमध्ये कोणत्याही दिवशी साडेसहा लाखांच्या आसपास माणसं असतात आणि त्यांच्यातल्या दर दहांपैकी सात जणांवरचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नसतो. (आपल्याला नाक मुरडायला जागा नाही. २०२२ च्या अखेरीस भारतातल्या तुरुंगांमध्ये दर चारांपैकी तीन जण कच्चे कैदी होते.) अटक झाली की एक-दोन दिवसांत पहिली सुनावणी होते. त्याआधी काउंटीच्या खटलापूर्व सेवा विभागाचा कर्मचारी आरोपीला भेटतो. राहतोस कुठे, किती वर्षं, नोकरी आहे का, फोन नंबर कोणाचा देऊ शकतोस, पूर्वी तारखेला गैरहजर राहिला होतास का, असे प्रश्न विचारतो, जुने गुन्हे तपासतो आणि बऱ्याच ठिकाणी त्यावरून एक धोका-गुणांक काढून न्यायाधीशापुढे ठेवतो. मग सुनावणी. कित्येक काउंट्यांत ही सुनावणी वर्षानुवर्षं काही मिनिटांत उरकत आली आहे. त्या मिनिटांत ठरतं की माणूस आज रात्री घरी झोपणार की जेलमध्ये. सुटला तर कशा अटींवर, तेही तेव्हाच ठरतं: आठवड्याला फोन, महिन्याला प्रत्यक्ष हजेरी, लघवीची तपासणी, रात्रीची घरबंदी, किंवा जीपीएसचा पट्टा.

या मिनिटांत पूर्वी, आणि अजूनही बहुसंख्य राज्यांत, एक आकडा बोलला जातो. पाच हजार डॉलर, पन्नास हजार डॉलर. ज्याच्याकडे तेवढे नाहीत तो जामीन-दलालाकडे जातो, साधारण दहा टक्के देतो आणि ते पैसे पुढे निर्दोष सुटला तरी परत मिळत नाहीत. ज्याच्याकडे तेही नाहीत तो आत राहतो. सॅन फ्रान्सिस्कोत एका साठी ओलांडलेल्या माणसावर शेजाऱ्याकडून पाच डॉलर आणि अत्तराची बाटली हिसकावल्याचा आरोप होता, आणि त्याचा जामीन कमी होऊन साडेतीन लाख डॉलर ठरला होता. त्याच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की केवळ ऐपत नाही म्हणून कोणाला डांबता येणार नाही. साडेतीन लाखांचा आकडा सांगणाऱ्या न्यायाधीशाला ‘याला सोडू नका’ एवढंच म्हणायचं असतं. पण तसं म्हटलं तर कारण द्यावं लागतं, त्यावर अपील होतं. आकड्याला कारण लागत नाही. गुंडाच्या टोळीने तोच आकडा भरला तर तो सुटतो, हा त्याच आकड्याचा दुसरा परिणाम, आणि रोख जामिनाचे समर्थक त्याबद्दल सहसा गप्प असतात.

आत राहिलेल्याचं काय होतं, यावर सर्वात बोलका अभ्यास ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीतला आहे. पॉल हीटन, सँड्रा मेसन आणि मेगन स्टीव्हनसन यांनी २०१७ मध्ये तिथल्या किरकोळ गुन्ह्यांचे लाखो खटले तपासले. सारख्याच परिस्थितीतल्या आरोपींत, आत ठेवलेल्यांनी गुन्हा कबूल करण्याचं प्रमाण सुटलेल्यांपेक्षा २५ टक्के जास्त निघालं आणि जेलची शिक्षा होण्याचं ४३ टक्के जास्त. कारण उघड आहे. ‘कबूल कर आणि आज घरी जा’ असं सांगितल्यावर नोकरी आणि घरभाडं डोळ्यांपुढे असलेला माणूस काय करेल? त्याच वर्षी केंद्रीय न्यायाधीश ली रोझेंथल यांनी हॅरिस काउंटीची किरकोळ गुन्ह्यांची जामीन पद्धत घटनाविरोधी ठरवली, आणि २०१९ मध्ये काउंटीने तडजोड करून ती बदलली.

हे सगळं नवं नाही आणि त्याचा आपल्याशी संबंध जुना आहे. १९६१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये व्हेरा फाउंडेशनने मॅनहॅटन बेल प्रोजेक्ट सुरू केला. कायद्याचे विद्यार्थी आरोपींना भेटून त्यांच्या मुळांची चौकशी करत: घर, कुटुंब, काम. मुळं पक्की दिसली तर नुसत्या शब्दावर सोडा अशी शिफारस करत. सोडलेले लोक तारखांना हजर राहिले. त्यातून १९६६ चा केंद्रीय जामीन सुधारणा कायदा आला. तेरा वर्षांनी, १९७९ मध्ये, बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचं हुसैनारा खातून प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलं, तेव्हा न्या. भगवतींनी याच मॅनहॅटन प्रयोगाचा दाखला देऊन म्हटलं की समाजात मुळं असलेल्या आरोपीला जातमुचलक्यावर सोडायला हरकत नाही. त्याच्या आदल्या वर्षी न्या. कृष्ण अय्यर यांच्यापुढे मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण होतं. त्याच्याकडे दहा हजारांचा जामीनदार मागितला होता, आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो नाकारला होता. आजही आपल्याकडे जामीन मंजूर होऊनही ऐपतीचा दाखला आणि सातबारावाला जामीनदार न मिळाल्याने माणसं आत राहतात. या बाबतीत शिकागो आणि सोलापूर यांच्यात अंतर फार नाही.

आता पट्ट्याकडे येऊ. १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीच्या एका न्यायाधीशाने घोट्याला यंत्र बांधून माणसाला घरी ठेवण्याचा प्रयोग केला. तेव्हा हेतू जेल टाळण्याचा होता. आजचा जीपीएस पट्टा साबणाच्या वडीएवढा असतो. तो रोज साधारण दोन तास चार्ज करावा लागतो आणि तोही पायावर असतानाच, म्हणजे माणूस भिंतीशी, प्लगजवळ बसून राहतो. घराबाहेर पडायला आधी परवानगी: कामाची वेळ, दवाखान्याची वेळ, मुलाच्या शाळेतली बैठक. ठरलेली शिफ्ट मालकाने ऐन वेळी वाढवली तर आधी फोन करावा लागतो, आणि तिकडून कोणी उचलला नाही तर इशारा वाजतो. उंच इमारतींमध्ये, तळघरात सिग्नल तुटतो, तरी इशारा वाजतो. हे इशारे पाहणारे कर्मचारी मोजके, इशारे हजारो. खरा पळून जाणारा आणि तळघरात राहणारा, दोघांचा इशारा पडद्यावर सारखाच दिसतो. अनेक काउंट्यांत या पट्ट्याचं रोजचं भाडंही ज्याच्या पायात तो आहे त्याच्याकडूनच घेतलं जातं. रोख जामीन गेला म्हणून आनंद मानायचा आणि पट्ट्याचं भाडं भरलं नाही म्हणून माणसाला परत आत घ्यायचं, यात सुधारणा कुठली?

विरोधातला सर्वात जड मुद्दा इथेच येतो, आणि तो मला मान्य करावा लागतो. पट्टा नसता तर यातली बरीच माणसं जेलमध्ये असती. जेलमधल्या एका रात्रीपेक्षा घरातला पट्टा केव्हाही बरा. स्वतःच्या अंथरुणात झोपता येतं, वकिलाला भेटता येतं, मूल दिसतं. ज्याने जेल भोगलंय त्याला विचारलं तर तो पट्टाच मागेल. या म्हणण्यात खोट नाही. पण त्यात एक गृहीतक लपलेलं आहे, की प्रत्येक पट्टा एका कोठडीच्या जागी आला. तसं होतं का? न्यायाधीशाच्या हाताशी फुकटची, कोणाच्या डोळ्यावर न येणारी अट असली की ती जेलच्या जागी थोडी आणि बिनशर्त सुटकेच्या जागी जास्त वापरली जाते. मनात म्हणायचं, सोडतोय तर निदान पट्टा तरी असू दे. यात न्यायाधीश वाईट आहेत असं नाही. निवडून येणाऱ्या न्यायाधीशाचं नाव उद्या वर्तमानपत्रात येईल ते सोडलेल्या माणसामुळे, विनाकारण बांधलेल्यामुळे कधीच नाही. म्हणून कायद्यानेच त्याला अडवायला हवं. इलिनॉयच्या नव्या कायद्याने अटी कमीत कमी जाचक असाव्यात असं सांगितलं आणि पट्ट्याचा दर ६० दिवसांनी फेरविचार सक्तीचा केला. माझ्या मते त्या कायद्यातलं हे सर्वात मोलाचं आणि सर्वात कमी चर्चिलेलं कलम आहे.

दुसरा मुद्दा सुरक्षिततेचा. ब्लू लाइनवरच्या तरुणीपुढे आकडेवारी घेऊन उभं राहता येत नाही, आणि राहूही नये. काही आरोपी खरोखर धोकादायक असतात. पट्ट्यावरच्या लोकांना आठवड्यातले दोन दिवस बाहेरची कामं करायला मोकळीक देणाऱ्या इलिनॉयच्या तरतुदीवर शेरीफ मंडळींनी घेतलेले आक्षेपही पोकळ नव्हते. मोकळ्या फिरणाऱ्या माणसाचा ठिपका पडद्यावर पाहत बसण्याने पोलिसांच्या हाती काय लागतं? पण हा आक्षेप नीट उलगडला तर तो माझ्याच बाजूला येतो. पट्टा फार तर माणूस कुठे आहे ते सांगतो. तो काय करतोय ते सांगत नाही, आणि त्याचा हात तर धरतच नाही. जो माणूस इतरांच्या जिवाला धोका आहे असं न्यायाधीशाला वाटतं, त्याच्यासाठी पट्टा हे उत्तरच नव्हे. त्याला आत ठेवावं, वकील देऊन, पुरावा मांडून, कारण लिहून. १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सालेर्नो खटल्यात अशी प्रतिबंधक कोठडी वैध ठरवली ती याच अटींवर: स्वातंत्र्य हा नियम, खटल्याआधीची कोठडी हा काटेकोर मर्यादेतला अपवाद. सुधारणावाद्यांनाही हे कटू वाटलं तरी गिळावं लागेल. रोख जामीन जायचा असेल तर त्याच्या जागी काही लोकांसाठी बिनजामिनाची कोठडी यावीच लागते.

हे जमतं याचा पुरावा आहे. राजधानी वॉशिंग्टनमध्ये १९९२ पासून पैशाअभावी कोणाला आत ठेवता येत नाही. बहुसंख्य आरोपी सुटतात आणि सुटलेल्यांपैकी दहांतले साधारण नऊ जण तारखांना हजर राहतात. न्यू जर्सीत २०१४ मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून न्यायाधीशांना सरळ कोठडीचा अधिकार दिला, आणि १ जानेवारी २०१७ पासून रोख जामीन जवळपास नाहीसा झाला. हे एडिसनच्या आणि जर्सी सिटीच्या मराठी घरांच्या अंगणात घडलं, तरी त्यातल्या कितींना ते ठाऊक आहे? २०१५ च्या अखेरीपासून २०१८ च्या अखेरीपर्यंत तिथले कच्चे कैदी सुमारे ४४ टक्क्यांनी घटले. त्याची किंमत शून्य होती असं मी म्हणत नाही. हजेरीचं प्रमाण ९२.७ टक्क्यांवरून ८९.४ वर आलं आणि सुटल्यावर गंभीर गुन्ह्याचा नवा आरोप होण्याचं १२.७ वरून १३.७ वर गेलं. एका टक्क्यामागेही माणसं असतात. पण जवळजवळ चार हजार माणसं रोज रात्री कोठडीबाहेर, आणि त्या बदल्यात हा फरक, हा तराजू कोणीही समोर ठेवून पाहावा. इलिनॉयने १८ सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीन पुरता बंद केला. असं करणारं ते पहिलं राज्य. तिथे न्यायालयं ओस पडतील, वॉरंटांचा पाऊस पडेल, असं सांगितलं गेलं होतं. तसं झालं नाही.

तारखेला न येणाऱ्यांबद्दलही एक गैरसमज पक्का बसलाय. गैरहजर म्हणजे फरार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक जण विसरलेले असतात, गाडी चुकलेले असतात, मुलाला सांभाळायला कोणी न मिळालेले असतात किंवा समन्सच्या कागदावर तारीख कुठे आहे तेच न कळलेले असतात. न्यूयॉर्कमध्ये समन्सचा कागद नव्याने आखून तारीख ठळक वर आणली, तेवढ्याने गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली. फोनवर संदेश पाठवले तर २१ टक्क्यांनी. सिलिकॉन व्हॅलीतल्या सांता क्लारा काउंटीत सरकारी बचाव वकिलांच्या कार्यालयाने अशीच आठवण पाठवून पाहिली आणि वॉरंटं सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झाली. बँक हप्त्याची आठवण पाठवते, दवाखाना अपॉइंटमेंटची पाठवतो, आणि न्यायालय मात्र माणूस चुकला की थेट वॉरंट काढतं. दोन-चार सेंटच्या संदेशाने जे काम होतं, त्यासाठी पायात यंत्र कशाला?

गुणांकाचा मुद्दा राहिला. संगणकाने काढलेला गुणांक निःपक्षपाती, त्याने पैशाची जागा घेतली तर बरं, असं मानणारे पुष्कळ आहेत. जुने खटले, वय, पूर्वीची गैरहजेरी एवढ्यावरच बेतलेली साधी पद्धत न्यायाधीशाच्या लहरीपेक्षा चांगली असू शकते, हेही खरं. पण केंटकीचा अनुभव पाहा. २०११ मध्ये तिथे गुणांक सक्तीचा झाला, सुरुवातीला सुटका वाढल्या, आणि मग न्यायाधीश हळूहळू आपल्या जुन्या सवयीवर परतले. मेगन स्टीव्हनसन यांच्याच अभ्यासात हे दिसलं. मला त्यापेक्षा काळजी वेगळी वाटते. गुणांक म्हणजे या माणसासारखी इतर माणसं पूर्वी कशी वागली, त्यावरून याला तोलणं. महाराष्ट्राने याचा एक भयंकर प्रकार पाहिलेला आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि १९११ मध्ये तो मुंबई इलाख्याला लागू झाल्यावर आपल्याकडेही, पारधी, कैकाडी, भामटे अशा जमातींतल्या माणसांवर हजेरी लादली. गुन्हा सिद्ध नाही, आरोपही नाही, पण गाव सोडायला पास लागे आणि ठरल्या वेळी पोलिसांपुढे उभं राहावं लागे. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या सेटलमेंटमधून ती माणसं १९५२ मध्ये सुटली. कायदा गेला. पण पोलीस ठाण्यातली ‘हे असलेच’ ही समजूत गेली का, हे कोणत्याही पारधी वस्तीत जाऊन विचारावं. अमेरिकेतला गुणांक जन्मावर दिला जात नाही, हा फरक मोठा आहे आणि तो मी पुसत नाही. पण ज्या वस्त्यांत पोलीस जास्त फिरतात तिथे अटका जास्त होतात, अटका जास्त म्हणून गुणांक वाईट, आणि गुणांक वाईट म्हणून पट्टा. शिकागोच्या वेस्ट साइडवरच्या कृष्णवर्णीय तरुणाला हे चक्र आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

हा सगळा वाद आपल्या दारात येऊन ठेपला आहे म्हणून मी तो मराठीत मांडतोय. जम्मू-काश्मीर पोलिसांनी २०२३ मध्ये जामिनावरच्या एका आरोपीला जीपीएस पट्टा बांधला. त्याच वर्षीच्या केंद्राच्या आदर्श तुरुंग कायद्यात कैद्यांना रजेवर सोडताना असा पट्टा घालण्याची तरतूद आहे. कोंदटलेल्या तुरुंगांवर हा स्वस्त उपाय म्हणून विकला जाणार, यात शंका नाही. याच्या उलट टोकाला, जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी, आरोपीने गुगल मॅपवर आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला सतत दाखवत राहावा ही जामिनाची अट रद्द केली. सुटलेल्या माणसाच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवणं हे त्याच्या खासगीपणाच्या हक्काविरुद्ध आहे, असं त्यांनी म्हटलं. फोनमधल्या खुणेला जे लागू, ते घोट्यावरच्या यंत्राला का लागू नाही, याचं उत्तर पट्टे खरेदी करू पाहणाऱ्या प्रत्येक सरकारने आधी द्यायला हवं. आपल्याकडे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४७९ वं कलम आहे. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळता, कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायचं. त्या कलमाखाली पात्र असलेल्यांच्या याद्या प्रत्येक कारागृहाने वेळेवर केल्या, जामीनदाराची अट सैल केली आणि तारखेचा संदेश मराठीत मोबाइलवर गेला, तर येरवड्याची आणि आर्थर रोडची गर्दी एकही पट्टा न घेता कमी होईल.

आणि तिकडच्यांसाठी. काउंटीचा न्यायाधीश, सरकारी वकील, शेरीफ यांची नावं मतपत्रिकेवर खालच्या भागात असतात आणि आपल्यापैकी बरेच जण तिथवर पोहोचण्याआधीच थांबतात. कुक काउंटीत शेरीफनी एप्रिल २०२५ पासून आपल्या पट्टा-कार्यक्रमात नवी माणसं घेणं थांबवलं आणि ते काम मुख्य न्यायाधीशांच्या विभागाकडे गेलं. एवढा मोठा बदल झाला, तो किती मतदारांच्या कानावर आला? काउंटी बोर्डाच्या अर्थसंकल्पाच्या बैठका खुल्या असतात. तिथे विचारायचे प्रश्न साधे आहेत. आज किती जणांच्या पायात पट्टा आहे, किती दिवसांपासून, भाडं कोण भरतंय, किती इशारे खोटे निघाले, खरा इशारा वाजला तेव्हा किती वेळात कोण पोहोचलं, आणि पट्टा बांधताना न्यायाधीशाने लिहिलेलं कारण कुठे आहे.